हात बघा त्याचे

सातपाटीच्या नरहरीला कुस्ती येत नव्हती, पण कुस्तीबद्दल त्याच्यासमोर तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. कोळ्याच्या पोटी जन्मून होडीत पाय ठेवला की याला भडाभडा ओकाऱ्या व्हायच्या. बापानं मारून पाहिलं, नवस बोलून पाहिले, शेवटी कंटाळून सोसायटीच्या मासळीच्या मोटारीवर बसवून दिलं. तेव्हापासून पंधराएक वर्षं हा गडी मुंबईच्या बाजारात टोपल्या उतरवून द्यायचा आणि फ्रीस्टाईलचा खेळ असेल त्या दिवशी वरळीच्या स्टेडियममध्ये सगळ्यात स्वस्त बाकावर बसून यायचा. गावातल्या बायका त्याच्या ओकाऱ्या आठवून अजून हसायच्या. त्या हसण्याला त्याच्याकडे एकच उत्तर होतं, संध्याकाळी बोंबील वाळत घालायच्या काठ्यांखाली बसून सांगितलेली कुस्ती.

आणि सांगायचा, खोटं कशाला बोला, झकास. पंचवीस-तीस माणसं जमायची. जाळी शिवणारे हात थांबायचे. जो माणूस किनाऱ्यावर उभा राहून लाट बघूनही पिवळा पडायचा, त्याला ऐकायला दर्या तुडवून आलेले, होड्या चालवणारे तांडेल मांडी घालून बसायचे. हे सुख त्याला भाकरीपेक्षा जास्त लागत होतं.

त्याची मतं ठरलेली होती. ‘हिरोला काय लागतं?’ तो म्हणायचा. ‘दंड लागतात, आन् हसायला दात लागतात. खरा कारागीर तो दुसरा, शिव्या खाणारा. तो बिघडला तर सगला खेल बिघडला.’ शिव्या खाणाऱ्यानं नुसते डोळे वटारून भागत नाही, त्यानं लोकांच्या डोळ्यांदेखत पाप केलं पाहिजे. पंच थोडा आंधळाच हवा. पहिल्या पाच मिनिटांत रक्त काढतात तो खेळ रद्दी, कारण मग पुढे दाखवायला उरतं काय? आणि जोडीतल्या एकानं दुसऱ्याला फसवायचं असेल तर घाई करायची नाही, तीन-चार खेळ जाऊ द्यायचे, लोकांना त्या दोघांवर जीव लावू द्यायचा. एका कंपनीनं म्हणे दादरला सकाळी जोडी जाहीर केली आणि संध्याकाळी फोडली. नरहरी वर्षभर त्या मॅनेजरच्या सात पिढ्या उद्धरत होता.

पण त्याचा जीव अडकला होता तो हात जोडायच्या डावात. दुष्ट माणूस मार खाऊन गुडघ्यावर येतो, हात जोडतो, रडतो. हिरो भोळा, तो मागे सरतो. आणि त्याच जोडलेल्या हातांतून खिळा निघतो आणि हिरोच्या कपाळात बसतो. इथं आलं की नरहरी स्वतः गुडघ्यावर बसायचा, हात जोडायचा आणि बारीक आवाजात म्हणायचा, ‘हात बघा त्याचे!’ मग समोरची सगळी माणसं घसा फोडून ओरडायची, ‘खोटं! खोटं!’ पंधरा वर्षं त्यानं गावाला एवढं एकच शिकवलं, की रडून हात जोडणाऱ्याची दया करायची नाही.

खरं काय ते त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. स्टेडियमच्या मागच्या नळावर दोन हाडवैरी एकमेकांच्या पाठीला साबण लावून देताना त्यानं पाहिले. एकाच्या कपाळावरचं मघाचं रक्त धुऊन गेलं होतं आणि दोघं जेवायला कुठं जायचं यावर वाद घालत होते. त्याला वाईट वाटलं नाही, उलट कौतुकच वाटलं. पण गावात त्यानं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, बायकोला, सुगंधालाही नाही. सांगितली असती तर काठ्यांखाली बसलं कोण असतं?

तर सहासष्ट सालच्या दिवाळीनंतर रामकिसन नावाचा एक माणूस कुस्त्यांची कंपनी घेऊन पालघरला उतरला. भात कापून मोकळ्या झालेल्या एका खाचरात त्यानं खांब रोवले, फळ्यांचं उंच रिंगण ठोकलं, दोर बांधले. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, बोईसर-सरावलीकडे हजारो कामगार होते, ते येणार हे नक्की. पण सातपाटीवाले आले तर मैदान ओसंडून जाईल, हे कुणीतरी त्याच्या कानात घातलं आणि नरहरीचं नावही घातलं.

चहाच्या दुकानात रामकिसननं आपलं रडगाणं गायलं. हिरो आहे, शेरा नावाचा, उंचापुरा, देखणा. पण त्याच्यासमोरचा बुरखेवाला ‘खूनी पंजा’ वापीला काविळीनं आडवा झालेला. ‘बुरखा है, आदमी नहीं है,’ तो म्हणाला. ‘और भाईसाब, इधर की पब्लिक को गुस्सा किस बात पे आता है, आप बताओ.’

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नरहरीला विचारत होतं, की गोष्ट कशी असावी. पंधरा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या गोष्टींना नावं ठेवली होती. त्यानं चहाची बशी खाली ठेवली. ‘मानूस मी देतो,’ तो म्हणाला, ‘आन् गोष्टपन मीच देतो.’

माणूस त्याच्या डोळ्यांसमोर आधीच उभा होता. नागोराव, परभणीकडचा. तिकडे जत्रांमधून मातीतल्या कुस्त्या मारलेला, आता अडतिशीला आलेला. दोन वर्षं तो तारापूरच्या कामावर खडी वाहत होता आणि बायको नर्मदेबरोबर सरावलीला पत्र्याच्या खोपटात राहत होता. सुगंधा सुकी मासळी विकायला त्या वस्तीत जायची, तिच्यामुळं ओळख झालेली. नागोरावाला एकच आशा होती. पुढच्या महिन्यात वॉचमनच्या पक्क्या जागा भरायच्या होत्या. पक्की नोकरी, खाकी कपडे, राहायला खोली. आधी ठेकेदाराच्या यादीत नाव लागायचं, मग डॉक्टर डोळे, छाती, हात-पाय तपासणार. यादी करणारा कारकून वामन, म्हणजे सुगंधाचा सख्खा भाऊ. त्यामुळं नागोराव नरहरीला दिसेल तिथून वाकून नमस्कार करायचा.

‘वामनला मी सांगतो,’ नरहरी त्याला म्हणाला. ‘पन तू मला येक काम करून दे.’

नर्मदेला ते आवडलं नाही. ‘तोंड झाकून मार खायाचा, ही कुठली कुस्ती म्हनावी?’ ती चुलीपाशी बसूनच म्हणाली. ‘महिन्यावर तपासनी आलीय. हातपाय धड ठिवा जरा.’

‘आगं नुरा असतीय ती, लागत न्हाई,’ नागोरावानं तिला समजावलं. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती, हे तिलाही माहीत होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली. यादी वामनच्या हातात होती, त्यावर ती तरी काय बोलणार?

मग नरहरीनं त्याला सगळं नीट सांगितलं. सातपाटीवाले शेराचा सत्कार करतील, त्याच्या पायांपुढं नवं जाळं पसरतील. तेवढ्यात गर्दीतून पंजा येईल, दोरांखालून आत शिरेल, बूट घातलेल्या पायांनी त्या जाळ्यावर उभा राहील आणि थुंकेल. मग शेरा त्याला बडवील. मग गुडघ्यावर यायचं, हात जोडायचे, लोक ओरडले की शेराच्या तोंडावर पंजा मारायचा, पुन्हा मार खायचा आणि पडायचं.

नागोराव मन लावून ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं, ‘जाळ्यावर पाय दिल्याला चालतंय ना दादा? तुमच्याकडं कसं असतंय मला ठावं न्हाई.’

‘चालतंय,’ नरहरी म्हणाला.

चालत नव्हतं. ते नरहरीइतकं कुणाला माहीत होतं? नवं जाळं दर्यात जायच्या आधी त्याला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. तोवर त्याला कुणी ओलांडत नाही, अनवाणी पाय चुकून लागला तरी माणूस वाकून जाळ्याला हात लावतो आणि तो हात कपाळाला लावतो. आणि हे जाळं होतं गावातल्या महादू तांडेलाचं. आदल्या साली महादूचा धाकटा भाऊ दर्यात गेला, मिळालाच नाही. त्यानंतर पावसाळ्याचे चार महिने घरातल्या तिघांनी बसून हे जाळं विणलं होतं. नरहरीनं त्याला एवढंच सांगितलं, की शेराच्या हातून नारळ फोडू, जाळ्याला यश येईल. पुढचं काही सांगितलं नाही. सांगितलं तर राग खरा कसा येणार, आणि राग खरा नसेल तर गोष्टीला अर्थ काय, असा त्याचा हिशेब. शिवाय रिंगणात दोरांच्या आत जे घडतं ते सगळं नाटक, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की तिथं गेलेलं जाळंही नाटकातलंच होऊन जातं असं त्याला वाटलं. या एका चुकीला मुंबईचा कुठलाही मॅनेजर पोचला नसता, त्याला जाळं म्हणजे काय तेच माहीत नसतं.

रविवारी दुपारी चारलाच मैदान भरलं. सातपाटीची माणसं सोसायटीच्या मोटारी भरभरून आली, बायकांनी केसांत अबोली माळलेली, पुरुषांच्या हातात नारळ. दुसऱ्या बाजूला कामगार. नरहरी पहिल्या रांगेत, धुतलेला सदरा घालून, सुगंधा शेजारी. त्यानं तिला तीनदा सांगितलं, ‘आता बघ हां.’

शेरा आला, शिट्ट्या झाल्या. महादू आणि त्याच्या दोघा खलाशांनी जाळं पसरलं. पिवळ्या हळदीची बोटं त्याच्या दोरीवर लांबूनही दिसत होती. महादू वाकला, जाळ्याला हात लावला, आणि त्याचे डोळे भरून आले. एवढ्यात लाल बुरखा घातलेला माणूस गर्दी ढकलत आला, दोरांखालून घुसला आणि दोन्ही बूट जाळ्यावर ठेवून उभा राहिला. मग थुंकला.

मैदान एकदम गप्प झालं. कामगारांपैकी कुणीतरी हसलं, तेवढाच आवाज.

नागोरावाला वाटलं, जमलं. सांगितल्यापेक्षा थोडं जास्तच करावं म्हणून त्यानं बुटाची टाच जाळ्यावर घासली. नरहरीच्या अंगावर काटा आला, आनंदानं. इतका मोठा राग त्यानं वरळीलाही पाहिला नव्हता. पहिला नारळ आला तो नागोरावाच्या छातीवर बसला. दुसरा कानाजवळून गेला. शेरा हुशार, त्यानं गर्दीचे डोळे पाहिले आणि मागच्या बाजूनं उडी टाकून पसार झाला. पंच त्याच्या पुढे. सातपाटीची माणसं दोर ओलांडून चढायला लागली.

मग नागोरावाला कळलं. मातीतला पैलवान होता, दोघांना त्यानं सहज आडवं केलं असतं, पण वीस जणांना कोण करील? शिवाय मारामारी झाली तर नाव पोलिसात जाईल आणि नोकरी हातची जाईल, हेही त्याला त्या घडीला सुचलं असणार. तो गुडघ्यावर बसला. त्यानं हात जोडले.

‘चुकलं मालक,’ बुरख्यातून त्याचा आवाज आला. ‘म्या गरीब कामगार हाय. मला ठावं नव्हतं. पाया पडतो तुमच्या.’

महादू त्याच्यासमोर उभा होता, हातात नारळ. तो घुटमळला. रडणाऱ्या माणसावर हात टाकणारा तो नव्हता. पण मागून गर्दीतून आवाज उठला, पंधरा वर्षं काठ्यांखाली बसून पाठ झालेला, ‘खोटं! खोटं!’ बायका ओरडत होत्या, म्हातारे ओरडत होते. महादूनं वळून पहिल्या रांगेत पाहिलं. या गोष्टीतलं कळणारा गावात एकच माणूस होता.

‘काका,’ महादूनं विचारलं, ‘आता काय?’

नरहरी उठून उभा राहिला. एक वाक्य पुरलं असतं. हे नाटक हाय, मीच रचलंय, तो सरावलीचा नागोराव हाय, एवढं म्हटलं असतं तर महादूनं त्याला उचलून पाणी पाजलं असतं. पण मग जाळ्यावर बूट ठेवायला कुणी सांगितलं, हेही आलं असतं. पंधरा वर्षांच्या गोष्टी आल्या असत्या. बायका पुन्हा ओकाऱ्यांवर हसल्या असत्या. आणि नुसती भीती होती असंही नाही. तोंडानं कबूल करणार नाही, पण त्याला मजा येत होती. सगळं मैदान त्याच्या तोंडाकडे बघत होतं आणि समोर त्याचा आवडता डाव, कधी नव्हे तो इतका सुंदर, चालला होता.

‘हात बघा त्याचे,’ नरहरी म्हणाला.

महादूनं हात बघितले. ‘खिला टाक!’ तो ओरडला. नागोरावानं पंजे उघडून दाखवले, रिकामे. ‘बोटांत धरलाय त्यानं,’ कुणीतरी म्हणालं. दोघांनी मनगटं धरली, हात फळीवर दाबले आणि महादूनं नारळ उचलला. खिळा सापडत नव्हता म्हणून त्यानं दुसरा हातही ठेचला. सहाव्या की सातव्या घावाला नारळ फुटला, आणि पाणी जाळ्यावर सांडलं. हवालदार पोचेपर्यंत मैदानात शिट्ट्या चालू होत्या. रामकिसनच्या माणसांनी बुरख्यासकट नागोरावाला ओढून ट्रकमध्ये टाकलं.

‘ऐसी पब्लिक मैंने कहीं नहीं देखी,’ रामकिसन जाताना नरहरीला म्हणाला आणि त्याची पाठ थोपटली. सकाळी मैदानात खांबांचे खड्डे तेवढे राहिले होते, आणि पंजाही कंपनीबरोबर गेला असंच गावानं धरलं.

दवाखान्यात नागोरावानं खडीच्या यंत्रात हात सापडले असं सांगितलं. तसं सांगायला नरहरीनंच सुचवलं. ‘जाल्यावर पाय देनारा तू व्हतास हे गावाला कललं तर जित्ता सोडनार नायत,’ तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. नर्मदा खाटेपाशी उभी होती. नरहरीनं आणलेली केळी तिनं त्याच्यासमोर खिडकीतून बाहेर टाकली.

यादीत नाव लागलं, बरं का. नरहरीनं शब्द पाळला. तपासणीच्या दिवशी डॉक्टरनं डोळे पाहिले, छाती ठोकली, मग काठी धरायला सांगितली. ती नागोरावाच्या हातून पडली. दुसऱ्यांदा दिली, दुसऱ्यांदा पडली. वामननं नावावर रेघ मारली. त्याचाही काही दोष नव्हता.

खडी वाहायची तर बोटं मिटायला हवीत. ती मिटतही नव्हती आणि सरळही होत नव्हती. दोन महिने नर्मदेनं एकटीनं राबून काढले. मग नरहरीनं मोठ्या मनानं नागोरावाला सातपाटीला आणलं आणि महादूच्या बोंबलांवर राखणीला ठेवलं. काठी मनगटाला दोरीनं बांधायची आणि कावळे, कुत्री हाकायची. गावात नरहरीच्या दयाळूपणाचं कौतुक झालं. महादूलाही त्या परक्या माणसाची फार कणव आली. ‘यंत्र लय वाईट,’ तो म्हणायचा, आणि त्यानं आपल्या गेलेल्या भावाचे दोन सदरे नागोरावाला दिले. त्या साली महादूच्या जाळ्याला मासळी बक्कळ लागली. पाप्याचे हात फोडले म्हणून दर्या पावला, असं सगळे म्हणत.

सुगंधानं एकदाच नवऱ्याला विचारलं, ‘अवो, तुमी त्या मानसाच्या तोंडाकडं का बघत नाय?’ नरहरी म्हणाला, जेवण वाढ.

आणि कुस्ती? ती तर आता रोज व्हायला लागली. वरळीच्या गोष्टी मागं पडल्या, गावाला पालघरचीच हवी होती, कारण त्यात गाव स्वतः होतं. संध्याकाळी काठ्यांखाली माणसं जमायची आणि नरहरी सुरू करायचा. शेरा कसा पळाला, महादू कसा उभा राहिला. दर वेळी थोडी भर पडायची. वर्षभरात खिळा सापडलासुद्धा, चांगला चार बोटं लांब. दहा पावलांवर नागोराव काठी बांधून कावळे हाकत असायचा. त्याच्याकडे पाठ करून नरहरी सांगायचा. त्याचं मत होतं, आयुष्यात पाहिलेला हा सगळ्यात सुंदर खेळ. एकच खोट. पंजानं हात जोडायची घाई केली, अजून थोडा मार खाऊन मग जोडायला हवे होते.

एका संध्याकाळी नरहरीची कंबर धरली होती, गुडघ्यावर बसवेना. दातिवऱ्याहून पाहुणे आले होते, त्यांना गोष्ट ऐकायची होती. हात जोडायच्या जागी गोष्ट अडली. नरहरीनं इकडंतिकडं पाहिलं, आणि रंगात आलेल्या माणसाला भान राहत नाही तसं त्याचं झालं असं म्हणायला मी तयार नाही. त्याला पूर्ण भान होतं.

‘नागोराव,’ त्यानं हाक मारली, ‘जरा इकडं ये. गुडघ्यावर बस, आन् पाव्हन्यांना दाखव, पंजानं हात कसे जोडले ते.’

नागोराव आला. महादूनं प्रेमानं त्याच्या मनगटाची काठी सोडवून दिली. तो गुडघ्यावर बसला. त्यानं नरहरीकडे पाहिलं आणि हात समोर आणले. तळवे एकमेकांना लागेनात, वाकडी बोटं एकमेकांत अडकत राहिली. नरहरीनं थोडा वेळ पाहिलं, मग मान हलवली.

‘असे नाय,’ तो पाहुण्यांना म्हणाला. ‘त्याचे नीट जुलले व्हते.’

लोक हसले. मग कुणीतरी सवयीनं सुरुवात केली आणि सगळे ओरडले, ‘खोटं! खोटं!’ तेवढ्यात राखणीला कुणी नाही असं पाहून कावळे काठ्यांवर उतरले, आणि नागोराव उठून त्यांना हाकायला गेला.